पडद्यावरचे हसू आणि रंगमंचावरचे गाणे

वाचकांचे प्रश्न : रंगभूमी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. गाजलेल्या विनोदी चित्रपटावरून रंगमंचावर आलेले म्युझिकल (गाणी-नाचांनी कथा सांगणारे पाश्चात्त्य नाटक) कसे पाहावे, ते आपल्या ओळखीच्या नाट्यप्रकारांहून किती वेगळे आहे आणि आपणही असे काही करू शकतो का, असे प्रश्न वाचकांनी विचारले आहेत. म्हणून यावेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलीकडे लंडनला गेलो असताना तिने आम्हा दोघांना गॅरिक थिएटरात 'द प्रोड्यूसर्स' हे म्युझिकल दाखवले. मूळ चित्रपट माझ्या फार आवडीचा आहे. प्रयोग चांगला होता आणि सभागृह सारखे हसत होते, पण मला मात्र अर्धा वेळ चित्रपटच आठवत राहिला. कारंज्याचा प्रसंग गाळलेला, तो हिप्पी नट गायब, सेक्रेटरीचे प्रेमप्रकरण भरपूर वाढवलेले आणि जरा कुठे प्रसंग रंगू लागला की गाणे! विनोद म्हणजे वेग. गाण्याने त्या वेगाला खीळ बसत नाही का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : आपला आक्षेप नेमका आहे आणि त्याचे उत्तर आपण दिलेल्या पहिल्याच उदाहरणात सापडते, म्हणून कारंज्यापासूनच सुरुवात करू.

ज्या वाचकांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमधला उतरती कळा लागलेला नाट्यनिर्माता मॅक्स बिआलिस्टॉक आणि त्याच्या वह्या तपासायला आलेला भित्रा हिशेबनीस लिओ ब्लूम यांच्या ध्यानात येते की चाललेल्या नाटकापेक्षा पडलेल्या नाटकात जास्त पैसा आहे, कारण पडलेल्या नाटकाचा नफा मागायला कोणी येत नाही. तेव्हा श्रीमंत वृद्ध विधवांना नाटकाचे शंभर टक्क्यांहून कितीतरी जास्त हिस्से विकायचे, शोधून शोधून सर्वांत वाईट नाटक रंगमंचावर आणायचे, ते पहिल्याच रात्री पडले की उरलेली रक्कम घेऊन देशाबाहेर पळायचे, असा बेत ठरतो. हिटलरचे गोडवे गाणारे एक नाटक त्यांना सापडते. प्रेक्षक ते विडंबन समजून डोक्यावर घेतात आणि दोघेही अडकतात. मेल ब्रुक्स यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला 1967 चा हा पहिलाच चित्रपट, आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. पुढे 2001 मध्ये ब्रुक्स यांनी स्वतःच गाणी रचली, थॉमस मीहान यांच्यासोबत संहिता नव्याने लिहिली आणि सुझन स्ट्रोमन यांच्या दिग्दर्शनाखाली हे म्युझिकल न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात आले. त्याला 12 टोनी (न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे मानाचे) पुरस्कार मिळाले आणि तो विक्रम आजही मोडलेला नाही.

आता कारंजे. चित्रपटात लिओ या कटाला होकार देतो तो क्षण न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील कारंज्याजवळ घडतो. रात्रीची वेळ आहे, लिओ आयुष्यात प्रथमच मोठ्याने काही मागतो आणि त्याच क्षणी कारंज्याचे पाणी उंच उसळते. त्या माणसाच्या आत काय झाले हे सांगायला चित्रपटाला एवढे पुरते, एक अक्षरही जास्त लागत नाही. रंगमंचावर हे पाणी आणता येत नाही, आणि समजा आणले तरी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेक्षकाला ती केवळ तांत्रिक करामत वाटेल. म्हणून म्युझिकलमध्ये लिओ आपल्या कचेरीत परततो. राखाडी कपड्यांतले हिशेबनीस ओळीने बसून रडव्या सुरात आपले दुःख गात आहेत. लिओ आपले स्वप्न गाऊ लागतो, आणि फायलींच्या कपाटांचे खण उघडून त्यांतून मोत्यांनी सजलेल्या नर्तकी बाहेर पडतात. आयुष्यभर ज्या कपाटांत आकडेच ठेवले त्यांच्यातून हे निघते, हा विनोद चित्रपटात नाही. तो गाण्यावाचून जन्मलाच नसता. आपल्याला जे गाळलेले वाटले ते खरे तर दुसऱ्या साधनाने पुन्हा घडवलेले आहे.

माझे म्हणणे असे की चित्रपटात जे काम कॅमेरा करतो, ते काम अशा नाटकात गाण्याने करायचे असते. चित्रपटातला विनोद दिग्दर्शक आणि संकलक मिळून पक्का करून ठेवतात: कोणाचा चेहरा किती जवळून दाखवायचा, कोणत्या क्षणी तोडायचे, ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया किती वेळ धरायची, हे सारे एकदाच ठरते आणि पुढे कधीही बदलत नाही. लिओच्या खिशात लहानपणच्या निळ्या पांघरुणाचा एक तुकडा असतो आणि घाबरला की तो तुकडा गालाशी धरतो, हे आपल्याला आठवत असेल. चित्रपटात लिओ झालेल्या जीन वाइल्डर यांचे डोळे, थरथरणारे ओठ आणि तो निळा चिंधीएवढा तुकडा एवढेच पडद्यावर असते, आणि त्या जवळिकीतून हसू येते. नाट्यगृहात तो तुकडा दहाव्या रांगेनंतर धड दिसतसुद्धा नाही. तेथे नटाला खांद्यापासून टाचेपर्यंत घाबरावे लागते, आणि तेवढे घाबरणे केवळ गद्यात केले तर आचरटपणा वाटेल. ताल आणि सूर मिळाला की तेच अतिशयोक्त घाबरणे रास्त वाटू लागते.

याच्या उलट जाणारी, म्हणजे रंगमंचालाच जमणारी, एक जागा या नाटकात आहे, आणि माझ्या मते हे रूपांतर त्या एका जागेनेच सार्थ ठरते. चित्रपटात हिटलरवरचे गाणे सुरू होते तेव्हा कॅमेरा नाट्यगृहातल्या प्रेक्षकांकडे वळतो: तोंडे उघडी, चेहरे दगडासारखे, कोणाची पापणीही लवत नाही. पुष्कळसे हसू त्या चेहऱ्यांमुळे येते. म्युझिकलमध्ये तसे चेहरे दाखवण्याची सोयच नाही, कारण त्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर आपण स्वतः बसलेलो असतो. हसावे की नाही, शेजारचा हसतो आहे का, ही जी क्षणभराची चलबिचल सभागृहात होते ती नाटकाचाच भाग आहे, आणि पडद्यासमोर बसून ती कधीच अनुभवता येणार नाही. ब्रुक्स हे ज्यू कुटुंबात जन्मलेले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढलेले. हिटलरला भरल्या सभागृहात हास्यास्पद करणे ही त्यांच्यासाठी गमतीपलीकडची गोष्ट होती, हे लक्षात ठेवून तो प्रवेश पाहावा.

चित्रपटात हिटलरची भूमिका करणाऱ्या हिप्पी नटाचे पात्र गेले ते बरे झाले असे मला वाटते. ते 1967 च्या फॅशनचे अपत्य होते, आणि म्युझिकलचा काळ तर 1959 चा ठरवलेला आहे. नव्या संहितेत हिटलरची भूमिका करणारा नट पहिल्या प्रयोगाआधी पाय मोडून बसतो आणि नाटकाच्या दिग्दर्शकालाच ऐनवेळी उभे राहावे लागते. त्यामुळे आपल्याला आधीपासून माहीत असलेला, पूर्वार्धात पुरेसा हसवून गेलेला माणूस त्या वेषात येतो, आणि हशाला पूर्वओळखीचे बळ मिळते. विधवांच्या प्रवेशाबाबतही तसेच. चित्रपटात त्या एकेक करून येतात. नाटकात त्या आधाराच्या लोखंडी चौकटी घेऊन ओळीने नाचतात, आणि त्या चौकटींचे पाय लाकडी फळ्यांवर आपटून जो ठेका निघतो तोच गाण्याचा ताल होतो. हा ठेका आपण तेथे प्रत्यक्ष ऐकलात. ध्वनिमुद्रणात तो निम्मासुद्धा उतरत नाही.

सेक्रेटरीच्या प्रेमप्रकरणाबाबत मात्र मी आपल्या बाजूने आहे. चित्रपटात उल्ला हे दोन-तीन प्रवेशांपुरते पात्र आहे. म्युझिकलमध्ये तिला लिओची प्रेयसी केले, कारण दुसऱ्या अंकात लिओने मॅक्सला तुरुंगात सोडून जावे आणि मॅक्सने एकटे पडावे, यासाठी कारण हवे होते. त्यातून मॅक्सचे तुरुंगातले गाणे मिळाले, ज्यात तो काही मिनिटांत सारे नाटक पहिल्यापासून धावत धावत पुन्हा सांगतो आणि मध्यंतरासाठी थांबतोसुद्धा. ते गाणे या नाटकातल्या उत्तम जागांपैकी आहे. पण त्यासाठी उल्लाच्या वाट्याला जेवढी गाणी-नाच आले तेवढ्यांची गरज नव्हती, आणि तेथे नाटकाची गती खरोखर मंदावते.

सारेच विनोदी चित्रपट असे बदलून घेतात असेही नाही. याच मंडळींनी 2007 मध्ये ब्रुक्स यांच्याच 1974 च्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'चे म्युझिकल केले. ते 'द प्रोड्यूसर्स'इतके चालले नाही. तो चित्रपट मुद्दाम कृष्णधवल केलेला, 1930 च्या दशकातील भयपटांच्या छायाचित्रणाची हुबेहूब नक्कल करणारा. त्यातला निम्मा विनोद प्रकाश आणि सावलीत होता, आणि तो रंगमंचावर नेणार कसा? दुसरे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. 2005 मध्ये 'द प्रोड्यूसर्स' म्युझिकलवरूनच पुन्हा चित्रपट निघाला, दिग्दर्शिका त्याच, प्रमुख दोन नट नेथन लेन आणि मॅथ्यू ब्रॉडरिक तेच, गाणी तीच. पण नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी बेतलेला अभिनय कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून टिपल्यावर कर्कश वाटला आणि तो चित्रपट फारसा चालला नाही. माध्यम बदलले की विनोदाचे मापही बदलते, हे या दोन्हींतून दिसते.

आणि आपल्यासारख्या संगीत नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला यात परके काहीच नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 मध्ये फ्रेंच नाटककार मोलिएरच्या प्रहसनावरून, इंग्रजी रूपांतराच्या वाटेने, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक केले. त्यावर पुढे त्यांनीच पदे घातली आणि 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगमंचावर आणले. म्हणजे चालत्या प्रहसनात मागाहून गाणी घालण्याचा हा खटाटोप मराठीत शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे, आणि आज त्या गद्य नाटकाचे नावही सहसा कोणाला आठवत नाही. मात्र देवलांची एक वाटणी पाहण्यासारखी आहे. संशयाने पछाडलेला फाल्गुनराव मुख्यतः गद्यावर चालतो, आणि गाण्याचा भार रेवती आणि अश्विनशेठ या जोडीवर आहे. गैरसमजाचे चक्र गद्याने फिरत राहते, प्रेमाची बाजू पदांनी सांभाळली जाते, आणि त्यामुळे एकाचा वेग दुसऱ्याच्या आड येत नाही. ब्रुक्स यांनी उलटे केले, त्यांनी हास्यालाच गायला लावले. त्यात धोका जास्त आहे, आणि जमले तेव्हा लाभही जास्त. आपण ज्याला खीळ म्हणता ती कोठे बसली हे तपासायचे असेल तर एवढेच आठवून पाहावे: गाणे सुरू होताना पात्राचा जो बेत होता तोच गाणे संपताना होता का? तसा असेल तर त्या गाण्याने खरोखर खीळ घातली. लिओच्या कपाटांच्या गाण्यात तो नोकरी सोडतो. उल्लाच्या पहिल्या गाण्यानंतर ती होती तेथेच असते.

प्रश्न : आमचे घर मराठी, पण शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर लहानपणापासून तियात्र, म्हणजे कोकणी संगीत नाटक, पाहत आलो. तियात्रातली कांतारां (गाणी) कथेशी काहीही संबंध नसताना येतात आणि तरी लोक टाळ्या वाजवून ती पुन्हा म्हणायला लावतात. मग विलायती म्युझिकलमध्ये गाणे कथेत बसलेच पाहिजे असा आग्रह का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : तियात्र आणि म्युझिकल यांचे पूर्वज एकमेकांपासून फार दूर नाहीत. पहिले तियात्र 'इटालियन भुरगो' 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाले, आणि ते करणारे लुकाझिन रिबेरो यांना त्याची प्रेरणा मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीकडून मिळाली होती. देवलांचा 'फाल्गुनराव' त्याच्या पुढच्याच वर्षीचा, हा योगायोग मला नेहमी आवडतो. पण तियात्राने पुढे स्वतःची रीत घडवली. कथा परद्यापरद्याने (म्हणजे प्रवेशाप्रवेशाने) पुढे सरकते, आणि दोन परद्यांच्या मध्ये कांतार म्हणणारा माणूस ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रमच्या साथीने थेट प्रेक्षकांशी बोलतो: सरकारविषयी, महागाईविषयी, घरातल्या भांडणांविषयी. तो त्या वेळी कोणतेही पात्र नसतो. कथेला हातच न लावल्यामुळे कथा अडण्याचा प्रश्नच तेथे येत नाही, आणि मागे नेपथ्य बदलायला वेळ मिळतो तो वेगळाच. म्युझिकलमध्ये गाणारा मनुष्य पात्र म्हणून गातो, म्हणून त्याच्या गाण्याने कथेत काहीतरी घडले पाहिजे, अशी अपेक्षा आपोआप तयार होते.

ही अपेक्षा हसत हसत मोडणारी म्युझिकलही आहेत, आणि तियात्राच्या प्रेक्षकाला ती अधिक जवळची वाटतील. 1975 च्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या चित्रपटावरून 2005 मध्ये न्यूयॉर्कला 'स्पॅमलॉट' आले. संहिता आणि गीते एरिक आयडल यांची, दिग्दर्शन माइक निकोल्स यांचे, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम म्युझिकलचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. यातली नायिका, सरोवराची देवी, मूळ चित्रपटात पात्र म्हणून नाहीच. रंगमंचासाठी तिला घडवले, आणि दुसऱ्या अंकात ती अचानक येऊन 'माझी भूमिका गेली कुठे' अशी तक्रार प्रेक्षकांकडेच गाऊन करते. आपल्याकडच्या कांताराशी याचे नाते सरळ आहे, कारण गाणारी व्यक्ती तेवढा वेळ गोष्टीच्या बाहेर उभी असते.

याच नाटकातील आणखी एक गोष्ट गोव्यातील प्रेक्षकाला विशेष भावेल. राजा आर्थर घोड्यावर बसल्यासारखा उड्या मारत येतो, आणि त्याच्या मागून येणारा सेवक नारळाच्या दोन करट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतो. चित्रपट काढताना घोड्यांसाठी पैसे नव्हते म्हणून ही युक्ती निघाली. पडद्यावर ती गंमत वाटते, कारण तेथे घोडा आणणे शक्य होते हे आपल्याला ठाऊक असते. रंगमंचावर मात्र ती अगदी स्वाभाविक वाटते. आपल्या दशावतारात नाही का, पुढे टाकलेल्या एका बाकाचे सिंहासन आणि त्याच बाकाचा पर्वत होत! मूळ चित्रपटातला विनोदच नाटकी वळणाचा असेल तर रूपांतर करणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

प्रश्न : पुढच्या सुटीत मुंबईला एखादे इंग्रजी म्युझिकल पाहण्याचा विचार आहे. बरोबर बारा वर्षांची मुलगी आणि कमी ऐकू येणारे वडील असतील. भरभर म्हटलेली इंग्रजी गाणी समजतील का? आधी गाणी ऐकून जावे का? — एक वाचक, वास्को

उत्तर : मुंबईत 2023 मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर सुरू झाल्यापासून परदेशी मंडळींची मोठी म्युझिकल्स तेथे येऊ लागली आहेत, तेव्हा आपला बेत चांगलाच आहे. विनोदी म्युझिकल असेल तर संपूर्ण ध्वनिमुद्रण आधी ऐकू नये असे माझे मत आहे, कारण हास्यगीतातली शेवटची ओळ आधीच कळलेली असली तर ती दुसऱ्यांदा तेवढी हसवत नाही. त्याऐवजी कथा नीट वाचून जावी आणि सुरुवातीचे एकच गाणे दोन-तीनदा ऐकावे. गायकांच्या उच्चारांना कान सरावला की पुढचे बरेचसे आपोआप कळते. मूळ चित्रपट आधी मुलीला दाखवावा का, असे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: दाखवू नये. तिला नाटक आधी भेटू द्या, चित्रपट नंतर पाहता येतो. उलट वडिलांना मात्र चित्रपट सबटायटलसह आधी दाखवावा, म्हणजे ऐकू न आलेले त्यांना आठवणीतून भरून काढता येईल. त्यांच्यासाठी जागा मधल्या रांगांत आणि मध्यभागी घ्यावी. अगदी पुढे बसले की वाद्यवृंदाचा आवाज शब्दांवर चढतो, आणि नाच पाहायचा तर पाय दिसत नाहीत. तेथे ऐकण्याच्या साहाय्यक यंत्राची सोय आहे का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. संहितेत प्रौढांसाठीचे विनोद असतात, म्हणून मुलीच्या वयाची अटही त्याच वेळी पाहून ठेवावी.

प्रश्न : आमच्या गावात देवीच्या जत्रेला दरवर्षी नाटक होते. यंदा मंडळातल्या तरुणांना एका जुन्या, सर्वांना पाठ असलेल्या मराठी विनोदी चित्रपटाचे संगीत नाटक करायचे आहे. ऑर्गन आणि तबला गावातच आहे, दोन मुले शास्त्रीय गाणे शिकलेली आहेत. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हे हास्यास्पद होईल. आपले मत काय? आणि परवानगी लागते का? — एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : जरूर करावे. पण आधी परवानगीचे पाहू, कारण ते शेवटी ठेवले की तालमी वाया जातात. भारतात चित्रपटावरील स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षे असतो. कथा-पटकथा लिहिणाऱ्याचा आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षे. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या प्रयोगाला 1957 च्या कायद्यात सवलत आहे, आणि जत्रेतली नाटके या सवलतीखाली येऊ शकतात. परंतु ही सवलत असलेली कृती सादर करण्यापुरती आहे. चित्रपट मोडून त्याचे नवे नाटक लिहिणे ही वेगळी बाब आहे आणि त्यासाठी निर्मात्याकडून, तसेच लेखकाकडून किंवा त्याच्या वारसांकडून लेखी संमती घ्यावी. गावातल्या जत्रेसाठी विचारले तर अशी संमती पुष्कळदा सौजन्याने मिळते. पत्रात प्रयोगाची तारीख, स्थळ आणि विनातिकीट असल्याचा उल्लेख स्पष्ट असावा.

चित्रपट निवडताना तो किती गाजला याहून तो किती जागी घडतो, हे पाहावे. एका घरात किंवा एका वाड्यात बहुतेक घोटाळा होत असेल, माणसे एका दारातून जाऊन दुसऱ्या दारातून येत असतील, तर तो रंगमंचासाठीच लिहिल्यासारखा आहे. मोटारीचा पाठलाग, गर्दीतली चुकामूक, फोनवर दोन टोकांचे चेहरे आलटून पालटून दाखवणे, अशा गोष्टींवर विनोद उभा असेल तर तो चित्रपट सोडून द्यावा.

सर्वांना पाठ असलेल्या संवादांचे करायचे काय, हा खरा अवघड भाग आहे. प्रेक्षक ते संवाद नटाच्या आधी म्हणणार, आणि मूळ नटाची नक्कल करण्याचा मोह प्रत्येकाला होणार. असे तीन-चारच संवाद जसेच्या तसे ठेवावेत, आणि ते पात्राच्या तोंडी येण्यापूर्वी किंचित थांबून प्रेक्षकांना त्यांचा आनंद घेऊ द्यावा. बाकीचे संवाद नव्याने लिहावेत. मूळ नटाची लकब कोणीही उचलू नये. पहिली दहा मिनिटे लोक कुजबुजतील, मग विसरतील.

गाण्याच्या जागा शोधताना घाई करू नये. पात्राला बोलता येत नाही, बोलले तर पकडले जाईल, किंवा मनात एक आणि तोंडावर दुसरे अशी अडचण झाली आहे, अशा जागी गाणे आपोआप उभे राहते. खोटे बोलणारा माणूस ते खोटे निभावण्यासाठी गाऊ लागला आणि दुसऱ्या कडव्यात त्याच्या खोट्यात आणखी एका खोट्याची भर पडली, की हास्यगीत तयार. एकच चाल पुन्हा पुन्हा वापरण्यालाही घाबरू नये. 1993 च्या 'ग्राउंडहॉग डे' या चित्रपटात नायक एकाच दिवशी पुन्हा पुन्हा जागा होतो आणि ते संकलनाने साधले आहे. लंडनच्या ओल्ड विक थिएटरात 2016 मध्ये त्याचे म्युझिकल झाले तेव्हा टिम मिंचिन यांच्या संगीतात सकाळचे सूर पुन्हा पुन्हा परततात आणि दर वेळी नायकाची मनःस्थिती तेवढी बदललेली असते. घोटाळ्याच्या नाटकात हे फार उपयोगी पडते: प्रत्येक नवा पाहुणा दारात आला की तीच चार ओळींची चाल, शब्द मात्र दर वेळी अधिक घाबरलेले.

आपली दोन शिकलेली मुले हे मंडळाचे भाग्य आहे, पण त्यांना हास्यगीतात ताना घेऊ देऊ नयेत. विनोदी पदात शब्द कळला नाही तर पद वाया गेले. त्यांच्यासाठी प्रेमाची दोन पदे ठेवावीत, तेथे त्यांनी मनसोक्त गावे आणि वन्स मोअरही घ्यावा. देवलांची वाटणी आपल्याला येथे कामाला येईल. घोटाळा करणाऱ्या पात्रांसाठी न गाणारे नट घ्यायचे असतील तर वसंत कानेटकरांचे 'लेकुरे उदंड जाहली' मिळवून अभ्यासावे. गोवा हिंदू असोसिएशनने आणलेल्या या नाटकाला संगीत आपल्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे होते, आणि त्यात बोलता बोलता वाक्याला लय येते आणि लयीतून गाणे होते, अशी रचना आहे. श्रीकांत मोघे यांच्यासारख्या मुख्यतः गद्य नटाने ते गाजवले. आपल्या मंडळाला हीच वाट सर्वांत सोयीची ठरेल असे वाटते.

ऑर्गनवाल्याला पहिल्या तालमीपासून बसवावे. हशा किती टिकेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही; गाण्याच्या मध्येच लोक हसले तर तेवढ्या दोन मात्रा भरून काढून पुन्हा ओळ उचलून देणारा वादक हवा, नाहीतर पुढची ओळ हशात बुडते. ही सवय कागदावर लिहून देता येत नाही. तालमीला दर आठवड्याला गावातली दहा-पंधरा वेगळी माणसे बोलावून बसवावीत, आणि कोणत्या ओळीला ती हसली यावर प्रॉम्प्टरने आपल्या वहीत खूण करावी. लागोपाठ तीन वेळा खूण न झालेली ओळ काढून टाकावी.

ज्येष्ठांना हे हास्यास्पद वाटते, तर त्यांनाच या तालमींना बोलवावे. नाटक साडेतीन तासांच्या वर जाऊ नये, जत्रेची रात्र कितीही मोठी असली तरी. आणि नांदी मात्र ठेवावी, तिच्यातच आजचे नाटक कोणत्या चित्रपटावरून घेतले आणि कोणाच्या संमतीने, हे सुरात सांगून टाकता येईल.